ओटीवरचे रूळ

गेल्या वैशाखात आमच्या घरात एक मोठा प्रश्न उभा राहिला. नातवाला पहिली आगगाडी कोणती घ्यावी? नातू म्हणजे माझा मुलगा, वय वर्षे पाच. आणि प्रश्न पडला होता माझ्या वडिलांना, वय वर्षे त्र्याहत्तर. आबांनी पैसे बाजूला काढून ठेवले होते आणि ‘गाडी मी घेणार, मध्ये कुणी बोलायचं नाही’ अशी दवंडीही पिटली होती. मी पडलो मास्तर. मध्ये न बोलणे मला कुठले जमायला! त्या निमित्ताने खेळातल्या गाडीचा इतिहास धुंडाळू लागलो, आणि धुंडाळता धुंडाळता तो आमच्याच ओटीवर येऊन ठेपला.

खरी आगगाडी धावू लागली तशी तिची पोरेबाळेही बाजारात आली. पण पुष्कळ वर्षे ती गाडी म्हणजे दोरीने ओढायचा पत्र्याचा किंवा लाकडाचा डबा. तिला रूळ नव्हते, म्हणून तिला गावही नव्हते. जर्मनीतल्या मेर्कलिन या घराण्याने ही उणीव भरून काढली. बाहुल्यांच्या चुलीभांड्यांवर १८५९ साली सुरू झालेला त्यांचा धंदा. एकदा चूल घेतली की पुढे तवा लागतो, मग पातेले लागते, हे गिऱ्हाइकाचे मर्म त्यांना ठाऊक होते. १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत त्यांनी चावीची गाडी मांडली, ती रुळांसकट. आज चार रूळ घ्या, पुढल्या सणाला आणखी चार. रुळांच्या रुंदीची मापेही त्यांनी ठरवून टाकली. पुढे इंग्लंडात फ्रँक हॉर्नबीने १९२० साली चावीच्या गाड्या काढल्या, आणि १९३५ च्या सुमारास जर्मनीत टेबलावर मावेल अशी विजेची छोटी गाडी आली. आज ज्याला एच-ओ म्हणतात ते माप तिथलेच: खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढे.

या मापात आपल्याकडची एक गंमत दडलेली आहे. एच-ओच्या दोन रुळांत १६.५ मिलिमीटर अंतर असते. त्याला ८७ ने गुणा, की विलायती गाडीचे १,४३५ मिलिमीटर बरोबर येतात. आपल्याकडे मात्र डलहौसीच्या राजवटीत ५ फूट ६ इंच रुंदी ठरली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती याच रुंदीवरून. म्हणजे भारतीय गाडीचे हुबेहूब चित्र करायचे तर रुळांत १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर हवे. बाजारातल्या रुळांवर आपली गाडी उभी केली, तर धिप्पाड माणसाने पोराच्या चपला घातल्यासारखी दिसायची!

बोरीबंदर ते ठाणे झाले १८५३ साली. आमच्या रत्नागिरीला ती शिट्टी ऐकू यायला आणखी जवळजवळ दीडशे वर्षे लागली. तोवर आमची वाट समुद्रातून. बोटीत बसायचे आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली, सहाशेंहून अधिक माणसे गेली, आणि कोकणातल्या कितीएक घरांतून रडे उठले. पावसाळ्यात तर बोटी बंदच. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत होते. १९६४ च्या आषाढात ते वारले तेव्हा आबा बारा वर्षांचे. तार आली, आजी पोराला घेऊन एस.टी.ने निघाली, वाटेत पाण्याने रस्ता अडला, आणि तिसऱ्या दिवशी परळच्या खोलीत पोहोचली तेव्हा सारे आटोपले होते. आबा याबद्दल कधी बोलत नाहीत. एकदाच म्हणाले होते, “गाडी असती तर तोंड दिसलं असतं.”

ती गाडी यावी म्हणून बॅरिस्टर नाथ पै लोकसभेत झगडले, त्यांच्यामागून मधु दंडवते झगडले. रूळ १९८६ साली रोह्यापर्यंत येऊन थबकले. १९९० साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वेचे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी साऱ्या मार्गावरून गाडी धावली. नव्वदाहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या आसपास लहानमोठे पूल. गाडी वेगाने जावी म्हणून वळणाची त्रिज्या १,२५० मीटरांहून कमी ठेवायची नाही असा दंडक. मग डोंगराला वळसा घालायची सोयच उरली नाही, तो पोखरावा लागला. आमच्याजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. मी हिशेब करून पाहिला: एच-ओच्या मापात एवढा एकच बोगदा पाऊणशे मीटर लांब होईल, आणि ते वळण पुरे फिरवायचे तर अठ्ठावीस-एकोणतीस मीटर व्यासाचे खळे लागेल!

त्याच १९९८ साली पुण्यात भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले. मे महिन्यात आम्ही तिघे तिथे गेलो. सिग्नल, पूल, घाट, आणि त्यांतून सुळसुळ जाणाऱ्या गाड्या. पोरगा काचेला नाक लावून उभा, आबाही तसेच. माझी खात्री झाली, आता विजेची गाडी घरी येणार.

पण आबांनी बाहेर येऊन वेगळाच विचार मांडला. “ती बघायची गाडी झाली. हिचा हात लागला की डबा घसरणार, आमच्या दमट हवेत रूळ काळे पडणार, पावसात वीज गेली की गाडी बंद. दहा वर्षांचा झाला की घेऊ. आता त्याला स्वतः ढकलता येईल अशी हवी.” मास्तर असूनही मला काही बोलता आले नाही. आम्ही खाचांच्या रुळांची लाकडी गाडी घेतली. तुम्ही घेणार असाल तर एवढे पाहा: चाके निखळून तोंडात जाणारी नकोत, आणि पुढे तेच रूळ वाढवता आले पाहिजेत. मेर्कलिनने शिकवलेला धडा अजून खरा आहे.

पेटीत रूळ होते गोल फिरायचे. आबांनी दुकानदाराकडे सरळ रूळ आणखी मागितले. “गोल कशाला? फिरून जिथल्या तिथं. गाडी कुठंतरी गेली पाहिजे.”

आषाढात पाऊस कोसळत होता. ओटीवर रत्नागिरी झाली, माजघरात देव्हाऱ्याखाली मुंबई. पोराने तोंडाने शिट्टी दिली, उंबऱ्यावर पाटाचा पूल होता तो ओलांडला, आणि आतून ओरडला, “आजोबा, पोचली पण!”

आबा ओटीवर बसून होते. त्यांनी विचारले, “किती वेळ लागला रे?”

“काहीच नाही!”

आबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मग परत आण. पुन्हा सोडू.”