संगीतसंग्रहाची नोंद : संगणकीय साधनांच्या निवडीमागील इतिहास

ज्याच्यापाशी पाच-पन्नास ध्वनिमुद्रिका आहेत, त्यास सूचीची गरज सहसा भासत नाही. वेष्टनाचा रंग, कपाटातील जागा, कोपऱ्यावर पडलेला डाग एवढ्या खुणांवरून त्याचा हात हव्या त्या तबकडीवर जाऊन पडतो. संगणकावरील फाइलीस असे अंग नाही. तिला वेष्टन नाही आणि कपाटातील जागाही नाही. तिच्याविषयी जे लिहून ठेवले असेल तेवढेच तिचे रूप. म्हणून संगीताचा संग्रह संगणकावर आला, की नोंद ही सोयीची बाब न राहता संग्रहाच्या अस्तित्वाची बाब होते.

या संग्रहासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हा प्रश्न विद्यार्थी व सहकारी वारंवार विचारतात. वरवर पाहता हा दुकानात विचारावयाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा इतिहासाच्या अंगाने विचार करावयाचा आहे. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटी ‘एक गाणे म्हणजे काय’ याविषयीचे एक मत दडलेले असते आणि ते मत विशिष्ट काळी, विशिष्ट संगीत डोळ्यांपुढे ठेवून बनलेले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ते मत न ओळखता केलेली निवड पुढे महागात पडते.

१

ध्वनीस नाव जोडण्याची अडचण ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. गायनाच्या अखेरीस गौहरजान इंग्रजीत आपले नाव उच्चारतात, हे त्या काळच्या तबकड्या ऐकणाऱ्यांस ठाऊक आहे. या तबकड्या जर्मनीत हानोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांस चिठ्ठी कोणत्या नावाची लावावी हे कळावे, यासाठी ही उद्घोषणा असे, असे तिचे कारण सांगितले जाते. नोंद अशा रीतीने ध्वनीच्या शेवटी, ध्वनीतच मिसळलेली होती.

ऐंशी वर्षांनी, १९८२ साली, कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. तिच्यात ध्वनी अंकांच्या रूपाने साठविला होता. मात्र गायकाचे नाव तबकडीत कोठेच नव्हते. ते केवळ वेष्टनावर छापलेले असे. नाव तबकडीतच लिहिण्याची सोय १९९६ मध्ये निघाली, पण ती सार्वत्रिक झाली नाही. दरम्यान १९९३ च्या सुमारास टी कॅन यांनी एक युक्ती योजिली. तबकडीवरील गाणी कोठे सुरू होतात व किती वेळ चालतात, यावरून तिचा एक क्रमांक काढावयाचा आणि त्या क्रमांकापुढे कोणीतरी एकदा टंकलेली नावे सर्वांनी वापरावयाची. यातून सीडीडीबी हा सामुदायिक संचय उभा राहिला. १९९८ मध्ये तो एका कंपनीकडे गेला आणि पुढे ग्रेसनोट या नावाने चालला. ज्यांनी हौसेने नावे भरली होती, त्यांस आपले श्रम दुसऱ्याच्या मालकीचे झाल्याचे दिसून आले. त्या असंतोषातून फ्रीडीबी व म्युझिकब्रेन्झ हे खुले संचय निघाले. त्यांपैकी फ्रीडीबी २०२० मध्ये बंद पडला.

सीडीडीबीची रचना पाहण्याजोगी आहे. कलावंत व तबकडीचे नाव ही दोन्ही एकाच ओळीत, मध्ये तिरकी रेघ देऊन लिहावयाची होती. आणि संगीताचे प्रकार अकरा ठरविले होते. ब्लूज, जॅझ, रॉक, रेगे यांस स्वतंत्र खण होते. ख्यालाची तबकडी मात्र ‘अभिजात’, ‘लोकसंगीत’ किंवा ‘संकीर्ण’ यांपैकी कोठे बसवावयाची, हे भरणाऱ्याच्या मर्जीवर होते.

२

एमपी३ हा ध्वनीचा दाट प्रकार १९९३ च्या एमपीईजी-१ या प्रमाणकाचा भाग होता आणि त्याचे हे परिचित नाव १९९५ मध्ये ठरले. त्यातही शीर्षकास जागा नव्हती. १९९६ मध्ये एरिक केंप यांनी फाइलीच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची एक पट्टी जोडण्याची पद्धत काढली. ही आयडी३ ची पहिली आवृत्ती होय. शेवटी जोडल्यामुळे जुन्या वादक-सॉफ्टवेअरांस तिचा उपद्रव होत नसे. गौहरजान यांनी जेथे आपले नाव उच्चारले, तेथेच, म्हणजे ध्वनीच्या शेपटास, ९४ वर्षांनंतरही नाव बांधले गेले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

त्या १२८ बाइटांची वाटणी अशी : ओळखीच्या खुणेस ३, शीर्षक, कलावंत व अल्बम यांस प्रत्येकी ३०, वर्षास ४, टीपेस ३०, आणि प्रकारास १. प्रकारांच्या मूळ यादीत ८० नावे होती. तीत पोल्का होता; ख्याल, ठुमरी किंवा कव्वाली नव्हती.

भाषाभ्यासकाने या ३० बाइटांकडे विशेष लक्ष द्यावे. व्यवहारात ही पट्टी पश्चिम युरोपीय रोमन लिपीसाठीच वापरली गेली. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, मात्रेसही, ३ बाइट लागतात. ‘किशोरी आमोणकर’ या नावात १२ चिन्हे व एक मोकळी जागा आहे. म्हणजे ३७ बाइट झाले. ३० बाइटांच्या खणात हे नाव ‘किशोरी आमो’ येथे तुटते आणि पुढे मोडक्या अक्षराचा अवशेष उरतो. तेच नाव रोमन लिपीत १५ बाइटांत मावते. आपल्या संग्रहांतील नावे रोमनमध्ये का गेली, याचे कारण केवळ आंग्लाळलेली अभिरुची नव्हे. खणाचे मापही त्यास कारण आहे. रोमनमध्ये गेल्यावर मूर्धन्य वर्णांची खूण पुसली गेली. एकच राग कोठे ‘कानडा’, कोठे ‘कान्हडा’, तर कोठे ‘कानरा’ असा लिहिला जाऊ लागला आणि यंत्राने त्यांस तीन राग मानले.

१९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने ही पट्टी फाइलीच्या आरंभी आणली, खणांचे बंधन काढले आणि युनिकोडला दार उघडले. यूटीएफ-८ ला २००० सालच्या सुधारणेत स्थान मिळाले. याच आवृत्तीत वाद्यवृंद किंवा साथ यांसाठी एक रकाना होता. पुढे वादक-सॉफ्टवेअरांनी त्याचा उपयोग ‘अल्बमचा कलावंत’ या अर्थाने केला आणि तोच अर्थ रूढ झाला. तबला व संवादिनी वाजविणाऱ्यांची जागा अशी रूढीने दुसऱ्यास गेली.

३

रकाने असणे निराळे आणि ते डोळ्यांस दिसणे निराळे. विनॅम्प १९९७ मध्ये आले तेव्हा ते मुख्यतः वाजविण्याचे साधन होते. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या आयट्यून्सने संग्रहाचा सांभाळ हेच मुख्य कार्य मानले. त्यातील प्रकार, कलावंत व अल्बम या तीन उभ्या रांगा लक्षावधी श्रोत्यांच्या मनात संगीताचे स्वाभाविक वर्गीकरण म्हणून रुजल्या. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी ‘कृती’ व ‘खंड’ हे रकाने त्यात २०१६ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी आले. रागाचा रकाना आला नाही आणि स्वतःचा रकाना निर्माण करण्याची मुभाही नव्हती. राग लिहावयाचा तर तो टीपेत किंवा संगीतकाराच्या जागी कोंबावा लागे.

मराठीच्या अभ्यासकांस ही स्थिती अपरिचित नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणावर इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीचा ठसा होता. त्या चौकटीची चिकित्सा होत होत १९११ साली मोरो केशव दामले यांचे विस्तृत व्याकरण आले. परकी चौकट निरुपयोगी नसते. तिच्यामुळे आरंभ होतो. पण आपल्या भाषेतील जे तिच्यात मावत नाही, ते ‘अपवाद’ म्हणून कडेला पडते. कलावंत-अल्बम-शीर्षक ही त्रयी अशीच आहे. तीन-चार मिनिटांच्या ध्वनिमुद्रित गीतास ती चपखल बसते. मैफलीत तासभर गायिलेल्या ख्यालास अल्बम नसतो. त्याचे शीर्षक म्हणजे राग की बंदिशीचे आरंभीचे शब्द, हेही निश्चित नसते. आणि एकाच ध्वनिमुद्रणात विलंबित व द्रुत अशा दोन बंदिशी, दोन ताल असू शकतात. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर केसरबाई केरकर यांची भैरवी पाठविली गेली; तिच्या प्रसिद्ध सूचीत देश, ‘राग’ हा जातिवाचक शब्द, बंदिशीचे शब्द व गायिकेचे नाव आहे, परंतु भैरवी हे नाव नाही. नोंद करणाऱ्यास काय विचारावयाचे हेच ठाऊक नसले, की असे होते.

दुसरी परंपरा अधिक लवचीक निघाली. २००१ मध्ये सिद्ध झालेल्या फ्लॅक या प्रकारात रकान्यांची नावे वापरणाऱ्याने स्वतः ठरवावी, अशी सोय आहे. २००२ मध्ये आलेले फूबार२००० व एमपी३टॅगसारखी संपादन-साधने असे रकाने दाखवितात आणि त्यांनुसार क्रमही लावतात. म्युझिकब्रेन्झने आणखी एक मूलगामी भेद केला. नाव व व्यक्ती ही भिन्न मानून प्रत्येक कलावंतास एक कायम ओळखक्रमांक दिला आणि ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ ही त्याची रूपे ठरविली. शब्द आणि शब्दाची रूपे यांत आपण जो भेद करतो, तोच हा होय. कृतीस राग व ताल जोडण्याची सोयही तेथे आहे.

४

या विवेचनास एका अनुभवाची जोड देतो. प्रस्तुत लेखकाच्या घरी खासगी मैफलींच्या काही कॅसेटी होत्या. प्रत्येकीच्या कार्डावर वडिलांच्या हातची नोंद असे : राग, ताल, साथीदार, गाव, तारीख. त्या संगणकावर उतरविल्या, नोंदी टंकल्या आणि कार्डे टाकून दिली. पुढे एका सॉफ्टवेअरने आपण होऊन ‘दुरुस्ती’ केली. गायकाच्या व रागाच्या नावांवरून त्याने बाजारातील जवळचा अल्बम शोधला आणि त्याची नोंद आमच्या नोंदीवर लिहिली. गावाच्या जागी कंपनी आली, तारखेच्या जागी प्रकाशनाचे वर्ष आले आणि साथीदार नाहीसे झाले. आवाज शाबूत आहे. परंतु तबल्यावर कोण होते, हे सांगणारे आता कोणी नाही.

यावरून निवडीच्या काही कसोट्या निघतात. नोंद फाइलीतच लिहिली जावी, केवळ सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या कोठारात नव्हे. आयट्यून्समध्ये दिलेली गुणांकने त्याच्या कोठारातच राहत. मॅक संगणकावर २०१९ मध्ये ते साधन मागे पडले. साँगबर्ड तर २०१३ मध्येच बंद झाले. साधनांचे आयुष्य संग्रहाहून थोडे असते, हे गृहीत धरूनच चालावे. दुसरे, राग, ताल, साथ, स्थळ यांसाठी स्वतःचे रकाने करता यावेत आणि एका रकान्यात अनेक मूल्ये लिहिता यावीत. तिसरे, देवनागरी नाव व रोमन नाव ही दोन्ही शेजारी नांदावीत. चौथे, विचारल्याशिवाय कोणतीही नोंद बदलली जाऊ नये. पाचवे, सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपाने बाहेर काढता याव्यात, म्हणजे त्यांची छापील प्रतही ठेवता येईल.

या कसोट्यांस उतरणारी साधने आज उपलब्ध आहेत आणि त्यांतील कित्येक विनामूल्य आहेत. दिसण्यात ती रूक्ष असतात आणि आरंभी श्रम घेतात. तथापि ते श्रम नोंद करणाऱ्याचेच आहेत. कोणता रकाना हवा, हे ऐकणाऱ्याने आधी ठरवावयाचे असते. आपल्या विभागात अथवा घरी जुन्या फिती उतरविण्याचे काम जे विद्यार्थी करीत असतील, त्यांनी सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी एका कागदावर आपले रकाने लिहून काढावेत. आणि कार्डे टाकून देऊ नयेत.