कागदावरची नाती : एंजल आयलंड आणि ऐतिहासिक कादंबरी

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात एंजल आयलंड नावाचे बेट आहे. 1910 ते 1940 या काळात अमेरिकेत उतरू पाहणाऱ्या आशियाई प्रवाशांची, त्यातही मुख्यतः चिनी प्रवाशांची, तपासणी येथे होत असे. कोणी काही दिवसांत सुटे, कोणी महिनोन्‌महिने अडकून पडे. पुरुषांनी आपल्या बराकीच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता 1970 मध्ये उजेडात आल्या आणि पाडली जाणार असलेली ती इमारत त्यामुळेच वाचली. स्त्रियांना मात्र प्रशासकीय इमारतीत ठेवत. 1940 मध्ये ती आगीत जळाली. तेथील भिंतींवर स्त्रियांनी काही लिहिले असेल, तर तेही तिच्याबरोबर गेले. आशियाई स्त्रियांच्या स्थलांतरावरील कादंबऱ्यांचा विचार या जळालेल्या इमारतीपासून सुरू करणे सोयीचे आहे.

प्रथम कायदा पाहू. 1875 च्या पेज कायद्याचा घोषित हेतू वेश्याव्यवसायासाठी स्त्रिया आणण्यास बंदी घालण्याचा होता. प्रत्यक्षात त्यामुळे जवळजवळ प्रत्येक चिनी स्त्री संशयित ठरली आणि आपण तशा नाही हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच आला. 1882 च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी अशा थोड्यांना सूट होती. पुढे व्यापाऱ्याची पत्नी म्हणून स्त्रीला येता येई. म्हणजे बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत ‘तू कोण?’ या प्रश्नाचा सरकारी अर्थ ‘तू कोणाची?’ असा होता. नाते हाच परवाना.

1906 च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोमधील जन्मनोंदी नष्ट झाल्या. त्यानंतर अनेक चिनी पुरुषांनी आपला जन्म अमेरिकेतच झाल्याचे सांगून नागरिकत्व मिळवले. नागरिकाच्या चीनमधील मुलालाही नागरिक म्हणून येण्याचा हक्क असल्यामुळे नसलेले मुलगे नोंदवले गेले आणि त्या जागा विकल्या गेल्या. यांनाच ‘कागदी पुत्र’ म्हणतात. अशा पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रीला खोट्या आडनावाने आणि खोट्या सासरच्या गोतावळ्यात आयुष्य काढावे लागे.

अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते, म्हणून उलटतपासणी कडक असे. गावातल्या घराला किती पायऱ्या आहेत? तांदळाचे भांडे कोठे ठेवतात? शेजारच्या घरात कोण राहते? नातेवाइकांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत, तर परत पाठवणी होण्याची भीती असे. त्यामुळे प्रवासी उत्तरांच्या वह्या जहाजावर पाठ करीत आणि किनारा जवळ आला की समुद्रात टाकून देत. यातली विसंगती लक्षात घ्यावी. खरी पत्नी गोंधळून अडकू शकते, तर नीट पाठांतर केलेली खोटी सून सुटू शकते. या जबान्यांची हजारो पाने आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. इतिहासकाराला असे साधन क्वचितच मिळते. मात्र त्यातील प्रत्येक ओळ भीतीपोटी रचलेली असू शकते.

लिसा सी यांची ‘शांघाय गर्ल्स’ (2009) ही कादंबरी नेमकी याच फटीत शिरते. शांघायमधील पर्ल आणि मे या बहिणींचे वडील जुगारात बुडतात आणि लॉस एंजेलिसमधील एका व्यापाऱ्याच्या मुलांशी त्यांची लग्ने लावून देतात. 1937 च्या जपानी आक्रमणानंतर दोघी एंजल आयलंडवर पोहोचतात. मे गरोदर आहे आणि मूल तिच्या नवऱ्याचे नाही. म्हणून बाळंतपण होईपर्यंत बेटावरचा मुक्काम लांबवला जातो. मुलगी जन्मते ती मेच्या पोटी, आणि जगापुढे आई होते पर्ल. सरकारला फसवण्यासाठी रचलेले नाते इथे दोन बहिणींमधले सर्वांत खरे नाते होऊन बसते, आणि पुढे त्याच नात्याचा काच दोघींना जन्मभर होतो. कथानकात योगायोग जरा जास्त आहेत, दुःखावर दुःख रचले आहे. तरी बेटावरची प्रकरणे भक्कम आहेत.

1943 मध्ये बंदी उठली, तीही वर्षाला 105 जणांच्या मर्यादेसह. कागदी पुत्रांची भीती मात्र संपली नाही. 1956 मध्ये सुरू झालेल्या कबुली योजनेत एकाने खरे सांगितले की त्याच्या कागदी कुटुंबातील सगळेच उघडे पडत. कादंबरीच्या शेवटी पर्लचा नवरा सॅम, जो स्वतः कागदी पुत्र आहे, सरकारी चौकशीच्या दडपणाखाली आत्महत्या करतो.

विद्यार्थी येथे हमखास विचारतात : मग कादंबरीला पुरावा मानायचे का? 1937 मध्ये काय घडले याचा पुरावा म्हणून नाही. पर्ल नावाची कोणी स्त्री त्या बेटावर उतरली नव्हती. पण कादंबरी वाचून दप्तराकडे परतलात, तर त्याच जबानीत वेगळे प्रश्न दिसू लागतात. उत्तर देणाऱ्या बाईला ते कोणी शिकवले? कोणते मूल ती आपले म्हणून सांगते आहे? कोणाला वाचवण्यासाठी ती ‘आठवत नाही’ म्हणते?

हे प्रश्न भारतीय दप्तरालाही लागू पडतात. मॉरिशस, फिजी आणि कॅरिबियन बेटांकडे गेलेल्या गिरमिटिया मजुरांच्या परवान्यांवर नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि अंगावरच्या खुणा असत. अमिताव घोष यांच्या ‘सी ऑफ पॉपीज’ (2008) मध्ये सतीच्या चितेवरून वाचलेली दीती आणि तिला वाचवणारा कालुआ पळून कलकत्त्याला येतात आणि मॉरिशसला जाण्यासाठी नाव नोंदवतात. दीती आपले घरगुती नाव सोडून ‘अदिती’ सांगते. कालुआचे नाव लिहिणाऱ्याच्या कानातून जाता जाता ‘मॅडो कोल्व्हर’ होते, आणि मॉरिशसमधील त्यांचे वंशज पुढे कोल्व्हर हेच आडनाव लावतात.