तेरा फ्लॉप्यांचा यंत्रमानव

१९९४ सालाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये अमिगा संगणकासाठी एक खेळ विक्रीस आला. खोका उघडला की आतून एक नव्हे, दोन नव्हे, तब्बल १३ फ्लॉप्या निघत. नाव होते ‘राइज ऑफ द रोबॉट्स’. संगणकावरील खेळांच्या इतिहासात अपेक्षाभंगाची उदाहरणे पुष्कळ आहेत. पण अपेक्षा कशी उभी केली जाते आणि तिचा भुर्दंड शेवटी कोणाला पडतो, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण विरळाच. आजचा धागा त्याविषयी.

आधी तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १९९१ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर ‘स्ट्रीट फायटर २’ आणला. निवडायला ८ योद्धे, लढायला ६ बटणे. द्वंद्वाच्या खेळांची जगभर लाट उसळली. अमिगावाल्यांच्या जॉयस्टिकला मात्र बहुधा एकच बटण असे. सहा बटणांचे काम एका बटणावर भागवणारी या खेळाची १९९२ ची अमिगा आवृत्ती अनेकांच्या घशाखाली उतरली नाही. त्यात २९ एप्रिल १९९४ रोजी अमिगाची जन्मदाती कमोडोर कंपनीच दिवाळखोरीत निघाल्याचे जाहीर झाले. आपला संगणक अजून जिवंत आहे असे छातीठोकपणे सांगता यावे, असा एखादा खेळ लोकांना हवा होता.

मिराज या ब्रिटिश कंपनीने नेमके तेच आश्वासन दिले. यातले यंत्रमानव हाताने, ठिपक्याठिपक्याने रंगवलेले नव्हते. ते त्रिमितीय आराखड्यांतून घडवलेले होते. धातूवर प्रकाश कसा पडेल, सावली कुठे येईल हे संगणकाने मोजून प्रत्येक मुद्रेचे स्वतंत्र चित्र तयार केलेले होते. मासिकांत छापून येणारी ती चित्रे आजही देखणी वाटतात. जोडीला ‘क्वीन’चे गिटारवादक ब्रायन मे यांच्या संगीताचा डंका होता. प्रतिस्पर्धी खेळाडूची लढण्याची ढब ओळखून त्यानुसार वागतील, असेही सांगितले जात होते.

अडचण त्या देखणेपणातच दडलेली होती. असा यंत्रमानव पडद्यावर हलतो म्हणजे आधीच काढून ठेवलेली चित्रे झरझर बदलतात. हालचाल जितकी मुलायम, तितकी चित्रे अधिक. आकृती जितकी मोठी, तितके प्रत्येक चित्र जड. एका अमिगा फ्लॉपीत ८८० किलोबाइट मावत. १३ फ्लॉप्या म्हणजे उणेपुरे ११ मेगाबाइट, आणि त्या काळच्या अमिगा १२०० ची मूळ स्मृती होती २ मेगाबाइट. एकेका लढतीचा ऐवज त्यात कसाबसा बसवायचा. मग डावपेचांना जागा उरणार कुठून? नवी लाथ द्यायची म्हणजे चित्रांची नवी रास. माझ्या मते खेळाचा गळा इथेच आवळला गेला.

खेळाडूच्या हाती प्रत्यक्षात काय आले ते पाहा. एकट्याने खेळायचे तर लढवय्या एकच, निळा सायबॉर्ग. समोर ६ यंत्रमानव, पण त्यांपैकी कोणीही निवडायची मुभा नाही. दोघे खेळत असले तरी पहिल्याच्या वाट्याला सायबॉर्गच. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून उडी मारून पलीकडे जाणे अशक्य; लढवय्ये आयुष्यभर एकाच दिशेला तोंड करून उभे. ढब ओळखणाऱ्या बुद्धीची गत तर विचारूच नका. उडी मारून लाथ, पुन्हा उडी मारून लाथ, एवढ्या भांडवलावर बहुतेक शत्रू लोळवता येत. ब्रायन मे यांच्या गिटारचे हाती लागले ते चार तुकडे. बाकीचे ध्वनिकाम रिचर्ड जोसेफ यांचे होते, आणि त्यांच्याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे हार्ड डिस्क नव्हती त्यांना लढतीपेक्षा फ्लॉप्या बदलण्याचाच व्यायाम अधिक घडला.

खरा सल वेगळाच आहे. या खेळाची चित्रे महिनोन्महिने मासिकांची पाने सजवत होती, आणि खेळ आल्यावर काही मासिकांनी त्याला घसघशीत गुणही दिले. ‘अमिगा पॉवर’ने मात्र १०० पैकी ५ देऊन हात झटकले. ज्याने पहिल्या प्रकारचे परीक्षण वाचून पैसे मोजले, त्याला दाद मागायला जागा नव्हती. सर्वत्र पसरलेल्या इंटरनेटच्या आधीच्या त्या दिवसांत मासिकाचा शब्द हाच ग्राहकाचा एकमेव आधार होता. खेळ फसला यापेक्षा हा आधार खचला, हे मला अधिक गंभीर वाटते.

तंत्राला दोष देऊन मोकळे होता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्रिटनच्याच रेअर कंपनीचा ‘डाँकी काँग कंट्री’ निन्टेन्डोच्या यंत्रावर आला. त्यातली पात्रेही अशीच आधी संगणकावर घडवून मग चित्ररूपात बसवलेली होती, आणि खेळणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला; कारण उड्या मारण्यातच मौज होती. यंत्रालाही दोष देता येत नाही. १९९४ मध्येच इटलीच्या नॅप्स टीमचा ‘शॅडो फायटर’ अमिगावर आला. त्यात सपाट, रंगवलेले योद्धे डझनाहून अधिक होते आणि ते चपळाईने लढत. त्याची जाहिरात राइजच्या पासंगालाही पुरली नसेल.

मिराजने १९९६ मध्ये ‘राइज २: रिसरेक्शन’ हा उत्तरभाग काढला. त्यात खेळाडूला हवा तो यंत्रमानव निवडता येत होता. अमिगासाठी तो निघालाच नाही.