चंडीगडची खुर्ची

सरकारी कचेरीतली खुर्ची कोणी घडविली, असे आपण कधी विचारतो का हो? चंडीगडच्या खुर्च्यांना मात्र कर्ता आहे: पिएर जानरे, जन्म जिनिव्हाचा, १८९६ सालचा. ल कॉर्ब्युझिए यांचे हे भाऊबंद १९५१ साली तेथे आले. कॉर्ब्युझिए येऊन-जाऊन असत. जानरे १९६५ पर्यंत राहिले. सागवान, वेताची वीण, तिरके पाय. इथल्या सुतारालाही सहज जमावे असे काम. पुढे या खुर्च्या भंगारात निघाल्या, अन् परदेशच्या लिलावांत लाखोंना विकल्या गेल्या. मग आपल्याला जाग आली. २०११ साली निर्यातीला बंदी झाली. जानरे १९६७ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा सुखना तलावात सोडली. त्यांनी गाव आपले मानले. गावाला मात्र त्यांची खुर्ची परक्यांच्या बोलीनंतर कळली.