दिनविशेष : २८ ऑगस्ट १८५०
वधूप्रवेशाचे सूर

जर्मनीतील वायमारच्या रंगभूमीवर १८५० साली आजच्या दिवशी रिचर्ड वाग्नरचा 'लोहेनग्रिन' हा ऑपेरा प्रथम सादर झाला. निमित्त होते कवी गटेच्या जयंतीचे, संगीत-संचालन फ्रान्झ लिस्टचे. खुद्द वाग्नर मात्र गैरहजर! ड्रेस्डेनच्या १८४९च्या उठावात भाग घेतल्याने त्याच्यावर अटकेचे वॉरंट होते आणि तो स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला होता. आपली ही कृती पूर्ण ऐकण्यासाठी त्याला १८६१पर्यंत, व्हिएन्नातील प्रयोगापर्यंत थांबावे लागले.

हॉलिवूडच्या चित्रपटांत वधू चर्चमध्ये पाऊल टाकते तेव्हा वाजणारी धून या ऑपेराच्या तिसऱ्या अंकातली. मूळ प्रसंग तसा वेगळाच आहे. तिथे लग्न आधीच लागलेले असते आणि वऱ्हाडी गात गात नवदांपत्याला शयनगृहात पोहोचवतात. पुढे तर विचारूच नका. नाव-कूळ विचारायचे नाही, ही नवऱ्याची अट वधू एल्सा त्याच रात्री मोडते, तो तिला सोडून जातो आणि ती कोसळून प्राण सोडते. शुभकार्यासाठी याहून अशुभ निवड शोधून सापडणार नाही!

वाग्नरच्या ज्यूद्वेषामुळे बहुतेक ज्यू विवाहांत ही धून वाजवली जात नाही.