मेझोन इक्कोकू

रुमिको ताकाहाशी यांच्या मांगावर (जपानी चित्रकथा) बेतलेली प्रणयविनोदी ॲनिमे मालिका. मूळ मांगा १९८० ते १९८७ या काळात ‘बिग कॉमिक स्पिरिट्स’ या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाला. स्टुडिओ दीनने केलेले मालिकेचे ९६ भाग फुजी टीव्हीवर मार्च १९८६ ते मार्च १९८८ या काळात लागले. त्याआधी त्याच वेळेला ताकाहाशी यांचीच ‘उरुसेई यात्सुरा’ लागत असे. तिथली नायिका परग्रहावरची होती. इथे सारे घडते ते तोक्योतल्या एका जुनाट लाकडी इमारतीत, भाडेकरूंच्या गलक्यात.

पाच नंबरच्या खोलीतला यूसाकू गोदाई कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत नापास होऊन पुन्हा अभ्यासाला बसलेला आहे. इमारतीची व्यवस्था पाहायला क्योको ओतोनाशी येते आणि तो तिच्या प्रेमात पडतो. ती ऐन विशीतली विधवा आहे. नवरा सोईचिरो लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेला. तिच्या कुत्र्याचे नावही सोईचिरोच. नवऱ्याचा चेहरा मात्र प्रेक्षकाला शेवटपर्यंत दिसत नाही, फोटोतसुद्धा नाही. गोदाईची खरी झुंज या न दिसणाऱ्या माणसाशी आहे. श्रीमंत, देखणा टेनिस प्रशिक्षक मिताका हा त्या मानाने सोपा प्रतिस्पर्धी.

मालिकेची खरी ताकद म्हणजे तिच्यात वर्षे सरतात. या प्रकारातल्या कित्येक मालिकांतली मुले शाळेच्या एकाच वर्गात अडकून पडतात. गोदाई कॉलेजात जातो, पदवी घेतो, नोकरीसाठी वणवण करतो, कॅबरेत काम करणाऱ्या बायकांची मुले सांभाळत बालशिक्षकाच्या परीक्षेची तयारी करतो. त्यामुळे लग्नाच्या प्रश्नात पगाराचाही प्रश्न असतो. त्याच्या मागणीला होकार देताना क्योको एकच अट घालते, एक दिवस का होईना, त्याने तिच्यापेक्षा जास्त जगावे. हसवत हसवत इथवर आणणे सोपे नाही.

पण मालिका पाल्हाळीक आहे. इमारतीत सगळ्यांना मिळून एकच फोन. निरोप अर्धवट पोचतो, क्योको रुसते, गोदाई गोंधळतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. परीक्षेच्या तोंडावर गोदाईच्याच खोलीत शेजाऱ्यांनी दारू पीत धुडगूस घालणे, शेजारच्या योत्सुयाने भिंतीला भगदाड पाडून आत येणे, हे पहिल्यांदा झकास वाटते, नंतर कंटाळा आणते. गोदाईला आपला प्रियकर मानणाऱ्या कोझुएला स्पष्ट नकार न देता गोदाई तिला वर्षानुवर्षे झुलवत ठेवतो, आणि मालिका त्याला भिडस्त म्हणून सोडून देते. शाळकरी यागामी तिच्या वर्गावर प्रशिक्षणार्थी शिक्षक म्हणून आलेल्या गोदाईच्या मागे लागते, ते निव्वळ हसण्यावारी जाते. क्योकोचा नवराही तिच्याच शाळेतला शिक्षक होता, हा धागा हाताशी असून त्याचे फारसे काही केलेले नाही.

सर्वांत कच्चा दुवा मिताकाच्या गच्छंतीचा. त्याला सांगून आलेली आसुना गरोदर असल्याच्या समजुतीने तो तिच्याशी लग्नाला तयार होतो. गरोदर असते तिची कुत्री. प्रतिस्पर्धी असा परस्पर बाजूला झाल्याने गोदाईचा विजय निम्मा फुकटचा ठरतो.