एका घरगुती मोटारीची गुप्त हकीकत

बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले जाते. पुराणाचा आधार हवा असेल तर तोही तयार आहे. भारतीय युद्ध संपल्यावर कर्ण हा आपला थोरला भाऊ होता, हे धर्मराजाला कुंतीकडून कळले आणि एवढे मोठे गुपित तिने जन्मभर लपवले याचा संताप येऊन त्याने साऱ्या स्त्रीजातीला शाप दिला, की यापुढे कोणत्याही स्त्रीच्या पोटात गुपित म्हणून राहणार नाही. हा शाप कितपत फळला ते पुरुषांनाच ठाऊक! परंतु आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असे ठरले तेव्हा मला आठवण झाली ती कलकत्त्याच्या एका मोटारीची. तिच्या हकीकतीत हा शाप साफ खोटा पडला आहे, म्हणून ती आपणा भगिनींपुढे मांडावी असे वाटले.

ही मोटार एल्गिन रोडवरील नेताजी भवनात ठेवलेली आहे. त्या रस्त्याचे आजचे नाव लाला लजपतराय सरणी. सुभाषचंद्र बोस यांचे राहते घर ते हेच. मोटारीचा क्रमांक बीएलए ७१६९. चार दारांची, बेताच्या आकाराची, एखाद्या डॉक्टर-वकिलाच्या दारात शोभावी अशी ही गाडी आहे. तिचा जीर्णोद्धार करून १८ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ती पुन्हा लोकांपुढे आणण्यात आली. पत्रा ठाकठीक झाला, रंग चढला, आणि पाहणारा सहजच म्हणतो, "काय सुंदर गाडी आहे!" पण रंगाला काही बोलता येत नाही. ह्या गाडीने काय केले हे जाणून घ्यायचे तर ज्या माणसांनी ते पाहिले व मनात जपले, त्यांच्याकडेच जावे लागते. मी ती हकीकत निरनिराळ्या पुस्तकांतून गोळा करीत गेले, तेव्हा मला मोटारीपेक्षा त्या घराचेच अधिक कौतुक वाटू लागले.

प्रथम गाडीविषयी थोडेसे. तिचे नाव 'वाँडरर'. जर्मन भाषेत ह्या शब्दाचा अर्थ पायी हिंडणारा वाटसरू. जर्मनीतील केमनित्स गावचा हा कारखाना सुरुवातीला सायकली करीत असे, पुढे टंकलेखन यंत्रेही करू लागला, आणि मग मोटारीकडे वळला. १९३२ साली ऑडी, डीकेडब्ल्यू, होर्ख आणि वाँडरर अशा चार मोटारींचे कारखाने 'ऑटो युनियन' ह्या नावाखाली एकत्र आले. आजच्या ऑडी गाडीच्या तोंडावर जी चार कडी दिसतात, ती ह्याच चौघांची खूण. त्यांतले एक कडे आपल्या ह्या वाटसरूचे! बोस कुटुंबाची गाडी डब्ल्यू २४ ह्या जातीची, १९३७ सालची. इंजिन चार सिलिंडरांचे, पावणेदोन लिटरांहून किंचित मोठे, ताकद बेचाळीस अश्वशक्तीची. दुसऱ्या महायुद्धानंतर वाँडरर मोटारी निघाल्याच नाहीत. त्यामुळे अशी गाडी पुन्हा उभी करणे म्हणजे सुटे भाग शोधताना जिवाचा आटापिटा करणे होय.

आता मूळ हकीकतीकडे वळते. १९४० च्या जुलै महिन्यात सरकारने सुभाषबाबूंना अटक केली. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी तुरुंगात अन्नत्याग आरंभला. प्रकृती ढासळली, आणि तुरुंगात काही बरेवाईट झाले तर आपल्यावर येईल ह्या भयाने सरकारने ५ डिसेंबरला त्यांना घरी पोचते केले. पण घराभोवती गुप्त पोलिसांचा पहारा बसला. प्रकृती सुधारली की पुन्हा उचलून न्यायचे, हा सरकारचा बेत उघड होता. सुभाषबाबूंचा बेत मात्र वेगळाच होता. देशाबाहेर पडायचे आणि तेथून लढा चालवायचा, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

त्यांनी आपला पुतण्या शिशिर ह्याला बोलावून घेतले. शिशिर हा थोरले बंधू शरत्‌बाबू ह्यांचा मुलगा. वय वीस, वैद्यकीचा विद्यार्थी, आणि मोटार हाकण्यात तरबेज. माझे एक काम करशील का, असे काकांनी विचारले. काम कोणते, तर भर पहाऱ्यातून त्यांना रात्री गुपचूप बाहेर काढून दूरच्या एखाद्या स्टेशनवर पोचवायचे! शरत्‌बाबूंची मोठी अमेरिकन स्टुडबेकर गाडी दाराशी होती. वेगाने आणि दमाने तीच सरस. परंतु ती कोणाची हे साऱ्या कलकत्त्याला ठाऊक. म्हणून काका-पुतण्यांनी लहानशी, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी वाँडरर निवडली. नाताळच्या दिवसांत शिशिरने ती बरद्वानपर्यंत नेऊन आणली आणि लांबचा पल्ला तिला झेपतो की नाही ते पाहून घेतले.

मग खरेदी सुरू झाली. वाचेल मोल्ला ह्यांच्या दुकानातून ढगळ सलवारी आणि काळी टोपी आणली. बिछान्याची वळकटी घेतली, पेटी घेतली. भेटीची कार्डे छापून घेतली. त्यांवर मजकूर असा, की मोहम्मद झियाउद्दीन, बी. ए., एलएल. बी., एंपायर ऑफ इंडिया विमा कंपनीचे फिरते निरीक्षक, कायमचा पत्ता सिव्हिल लाइन्स, जबलपूर. एका घरातल्या मुलाने बाजारहाट करावा तसा हा बाजारहाट. त्यात संशय घेण्याजोगे काय होते!

संक्रांत नुकतीच झाली होती. १६ जानेवारी १९४१ ची रात्र. सुभाषबाबूंनी आधीच घरात सांगून ठेवले होते, की आपण काही दिवस एकांतवास पत्करणार, कोणाला भेटणार नाही, जेवण पडद्याआडून आत सरकवावे. त्या संध्याकाळी आई प्रभावतीदेवी व घरची इतर मंडळी ह्यांच्यासमवेत ते जेवले. ते पाहणाऱ्यांना वाटले, उद्यापासून ह्यांचे व्रत सुरू. फार थोड्यांना खरे काय ते ठाऊक होते. त्या थोड्यांत त्यांची तरुण पुतणी इला होती.

मध्यरात्र उलटून दीड वाजून गेल्यावर झियाउद्दीनसाहेब मागच्या जिन्याने खाली उतरले. चंद्रप्रकाशात सावली पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने आले. मोटारीच्या मागच्या बाजूस बसले, परंतु दार लावून घेतले नाही, नुसते हाताने धरून ठेवले. शिशिरने पुढे बसून आपले दार नेहमीप्रमाणे आपटले. आवाज एकाच दाराचा झाला, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावे की गाडीत एकच माणूस बसला! फाटकातून बाहेर पडल्यावर पहारेकरी ज्या नाक्यावर ठाण मांडून असत ते टाळून गाडी दुसऱ्या अंगाला वळली, आणि फेरा घेऊन हावड्याच्या जुन्या पुलाकडे निघाली.

इकडे वरच्या मजल्यावर सुभाषबाबूंच्या खोलीतला दिवा जळतच होता. मी गेल्यावर निदान तासभर दिवा मालवू नकोस, असे ते इलाला सांगून गेले होते. बाहेरून पाहणाऱ्याने समजावे की साहेब अजून वाचीत बसले आहेत. भगिनींनो, तो एक तास मी कितीदा तरी मनात आणून पाहिला आहे. काका पुन्हा दिसतील की नाही हे माहीत नाही, भाऊ गाडी घेऊन अंधारात गेला आहे, खाली शिपाई आहेत, आणि एका मुलीने दिव्याकडे पाहत स्वस्थ बसायचे आहे. रडायचे नाही, कोणाला उठवायचे नाही. इतिहासात अशा तासाला जागा मिळत नाही, पण मोटारीला मिळालेले अंतर ह्याच तासाचे होते.

वाँडररने ग्रँड ट्रंक रोड धरला. बरद्वान, आसनसोल मागे टाकून सकाळी ती धनबादजवळच्या बरारी येथे पोचली. तेथे शिशिरचे थोरले बंधू अशोक नोकरीनिमित्त राहत. सुभाषबाबू घरापासून अंतरावरच उतरले आणि थोड्या वेळाने विम्याचे साहेब म्हणून एकटेच चालत आले. नोकरमाणसांच्या देखत पुतण्यांशी ते परक्याप्रमाणे इंग्रजीत बोलले. दिवस ढकलला. संध्याकाळी पाहुण्यांनी निरोप घेतला व ते चालू लागले. काही वेळाने अशोक, त्यांची पत्नी मीरादेवी आणि शिशिर मोटारीने निघाले व वाटेत त्यांना गाडीत घेऊन गोमो स्टेशनला गेले. दोघे भाऊ आणि घरची सून अशी मंडळी गाडीत असल्यावर वाटेत कोणाला शंका यावी? तेथे रात्री उशिरा कालका मेल आली. हमालामागून सावकाश पूल ओलांडून जाणारी ती आकृती तिघांनी पाहिली. ह्या मोटारीचे काम एवढेच, कलकत्ता ते गोमो, सुमारे ३०० किलोमीटर. पुढे पेशावर, काबूल, मॉस्को ह्या मार्गाने सुभाषबाबू २ एप्रिल १९४१ रोजी बर्लिनला पोचले. गोमो स्टेशनाला २००९ पासून नेताजींचे नाव दिलेले आहे.

शिशिर १८ जानेवारीला गाडी घेऊन परतला. परंतु गाडी परतली म्हणजे काम संपले असे नव्हते. कोर्टातल्या खटल्याची तारीख २७ जानेवारी होती. तोवर सुभाषबाबू खोलीतच आहेत, असे घराने भासवायचे होते. रोज ताट आत जाई, रिकामे बाहेर येई. आतले अन्न पुतणे मंडळी खात. स्वयंपाकघर चालू, पडदा जागच्या जागी, दिवाबत्ती वेळेवर. जवळजवळ दहा दिवस हा संसार असा चालला, आणि २६ जानेवारीच्या सुमारास ताट न शिवता तसेच राहिल्याचे 'आढळून' आले, तेव्हा घरात शोधाशोध झाली व बातमी फुटली. तोपर्यंत सुभाषबाबू पेशावरही सोडून गेले होते.

ह्यात एका गोष्टीने माझे मन अजून कासावीस होते. प्रभावतीदेवींना काहीच सांगितलेले नव्हते. मुलगा व्रतस्थ आहे म्हणून त्यांनी मन आवरले असेल, आणि एके दिवशी कळले की तो गेलाच. १९४३ च्या डिसेंबरात त्या वारल्या. मायलेकरांची भेट पुन्हा झाली नाही. आईला सांगितले असते तर तिने गुपित राखले नसते असे मी म्हणणार नाही. पोलिसांच्या प्रश्नांना तिला खोटे उत्तर देण्याची वेळ येऊ नये, अशीही त्यात माया असू शकेल. पण देशासाठी कोणी काय दिले ह्याचा हिशेब मांडताना हे न सांगणेही जमेस धरले पाहिजे.

पुढे शिशिरकुमारांना स्वतः तुरुंगवास घडला. लाहोरच्या किल्ल्यातही त्यांना कोंडले होते. असल्या गोष्टी त्या काळी लिहून ठेवणे म्हणजे फासाला आमंत्रण. पत्र नाही, रोजनिशी नाही, मग इतिहास उरला तो केवळ आठवणीत. स्वातंत्र्यानंतर शिशिरकुमारांनी त्याच घरात १९५७ साली नेताजी रिसर्च ब्युरो स्थापन केली, आणि 'महानिष्क्रमण' हे बंगाली पुस्तक लिहून त्या रात्रीची हकीकत तपशीलवार सांगितली. नाव किती समर्पक! गौतमानेही असेच रात्री घर सोडले होते, कंथक घोड्यावरून, छन्न सारथ्याला घेऊन. येथे घोड्याच्या जागी केमनित्सचा वाटसरू आणि सारथ्याच्या जागी वीस वर्षांचा पुतण्या. शिशिरकुमार २००० साली गेले. त्यांनी लिहिले नसते तर आज चकचकीत केलेली ही गाडी केवळ एक जुनी जर्मन मोटार राहिली असती.

थोर पुरुषांनी वापरलेली म्हणून दाखवल्या जाणाऱ्या वस्तू आपल्या देशात पुष्कळ आहेत. त्यांतल्या कित्येकांमागे नुसती ऐकीव गोष्ट असते. बीएलए ७१६९ चे तसे नाही. तिचा क्रमांक आहे, वाटेवरची गावे आहेत, वेळा आहेत, आणि तिच्यात बसलेल्या माणसाची साक्ष आहे. म्हणूनच तिचा जीर्णोद्धार सार्थ झाला. पत्र्याचा जीर्णोद्धार कारागीर करतात, हकीकतीचा मात्र घरच्या माणसांनीच करावा लागतो, आणि तोही माणसे असेतोवर.

आपल्या वस्तीतही बेचाळीसच्या, गोवा मुक्तीच्या, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत कोणाच्या माजघरात कोणी लपले होते, कोणाच्या पिठाच्या डब्यातून पत्रके गेली होती, हे ऐकून असलेल्या वृद्ध भगिनी अजून असतील. तोंडात तीळ भिजवून त्यांनी ते जपले. आता सांगायला हरकत नाही. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यांच्या तोंडून ऐकून चार पाने लिहायला मी तयार आहे. ज्यांना सांगायचे असेल त्यांनी मंडळात यावे. वही-पेन्सिल घेऊन मी बसलेलीच आहे.